येन वर, आकडा खाली: शेअर बाजारातल्या ऑप्शनवाल्यांना खुलं पत्र

शेअर आणि निर्देशांकांच्या ऑप्शनमध्ये रमलेल्या सर्व मंडळींना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

तुमच्यापैकी बरेच जण अलीकडे मला एकच प्रश्न विचारता. ऑप्शन, म्हणजे ठरल्या भावाला घेण्याचे किंवा विकण्याचे हक्क, आम्हाला येतात, मग परकीय चलनात पैसे गुंतवायला कोणता रस्ता धरावा? प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. मीही तुमच्याच वाटेने आलो, शेअरच्या ऑप्शनमधून चलनाच्या ऑप्शनमध्ये, आणि येताना हात चांगले पोळून घेतले.

तेव्हा सुरुवात त्या पोळण्यापासूनच करतो. डॉलर-येनचा भाव 151 च्या आसपास होता आणि येन मजबूत होणार अशी माझी खात्री होती. येन मजबूत होणार म्हणजे एका डॉलरला कमी येन मिळणार, म्हणजे आलेखातली रेघ खाली येणार. रेघ खाली येणार असेल तर काय घ्यायचं? पुट, म्हणजे ठरल्या भावाला विकण्याचा हक्क. शेअरमध्ये वर्षानुवर्षं मुरलेला हात आपोआप पुटवर गेला. दोन लॉट, म्हणजे ठरावीक आकाराचे करार, प्रत्येकी 750 डॉलर प्रीमियम, म्हणजे त्या हक्काची किंमत. दोन दिवसांत भाव 148.50 पर्यंत उतरला. माझं म्हणणं अगदी खरं ठरलं आणि खातं मात्र लाल! ऑर्डर टाकली होती ती येनच्या फ्युचरवरच्या (पुढच्या तारखेच्या व्यवहाराचा भाव आजच ठरवणाऱ्या करारावरच्या) ऑप्शनची. तिथे भाव एका येनला किती डॉलर असा लिहितात, 0.0066 वगैरे. येन वधारला की तो आकडा चढतो. मी येनवर पुट घेतला होता, म्हणजे येन पडावा यावर पैसे लावले होते. ज्या गोष्टीवर विश्वास होता तिच्याच विरुद्ध बाजूला मी बसलो होतो, आणि हे कळायला मला दोन दिवस लागले. ब्रोकरची चूक नाही, बाजाराची तर नाहीच.

हा वेंधळेपणा कोणाचाही होईल असं म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याच्या मुळाशी चलनबाजाराची सगळी गोम आहे. शेअर ही एक वस्तू आहे, तिचा भाव पैशात सांगतात. चलनाच्या जोडीत दोन्ही बाजूंना पैसाच असतो. युरो-डॉलरवरचा कॉल (ठरल्या भावाला घेण्याचा हक्क) म्हणजे युरोचा कॉल आणि त्याच क्षणी डॉलरचा पुट. बँकांच्या टेबलावरची माणसं म्हणूनच नुसतं ‘कॉल’ म्हणत नाहीत, ‘युरो कॉल, डॉलर पुट’ असं पूर्ण नाव घेतात. तुम्हीही ती सवय लावून घ्या. ऑर्डर टाकण्याआधी मोठ्याने म्हणा: मी काय विकत घेतोय आणि त्याच्या बदल्यात काय विकतोय?

यातूनच माझं मुख्य म्हणणं येतं. ‘चलनात गुंतवणूक’ हा शब्दप्रयोग मला पटत नाही. कंपनी नफा कमावते, लाभांश देते. तिचा शेअर वीस वर्षं धरून ठेवण्यात अर्थ असू शकतो. युरो काहीही कमावत नाही. त्याच्यावर मिळतं ते व्याज, आणि तेही दुसऱ्या चलनाच्या व्याजाशी तोलून. म्हणजे तिथे आपण करू शकतो अशा गोष्टी तीनच: आपल्याजवळच्या परदेशी मालमत्तेला चलनाच्या हेलकाव्यापासून वाचवणं, व्याजातला फरक खाणं, किंवा भाव किती हलेल यावर सौदा करणं. रस्ता कोणता हे त्यानंतर ठरतं. यातलं आपल्याला काय करायचंय ते आधी ठरवा, नाहीतर रस्ता तुम्हाला निवडेल.

आता रस्त्यांकडे येऊ.

बाजार केवढा आहे याची कल्पना असावी म्हणून एक आकडा. आंतरराष्ट्रीय सेटलमेंट बँकेच्या पाहणीनुसार एप्रिल 2025 मध्ये जगात रोज सरासरी 9.6 लाख कोटी डॉलरचे चलनव्यवहार होत होते. तीन वर्षांपूर्वी हाच आकडा 7.5 लाख कोटी होता. दर दहा व्यवहारांपैकी जवळपास नऊ व्यवहारांत एका बाजूला डॉलर. मात्र यातला फारच थोडा भाग एक्स्चेंजवर होतो. बाकी सगळं बँका, फंड आणि मोठ्या कंपन्या यांच्यात थेट, फोनवर किंवा पडद्यावर. तुम्हाला सवय आहे ती सगळ्यांना एकच भाव दिसणाऱ्या बाजाराची. इथे तसा एक बाजार नाही, आणि म्हणूनच ‘माझ्या सौद्याच्या समोर कोण बसलंय?’ हा प्रश्न इथे शेअरपेक्षा कितीतरी महत्त्वाचा ठरतो.

ऑप्शनवाल्यासाठी माझ्या मते पहिला रस्ता एक्स्चेंजवरच्या चलन फ्युचरचे ऑप्शन हाच. शिकागोच्या मर्कंटाइल एक्स्चेंजने 1972 च्या मे महिन्यात चलनांचे फ्युचर सुरू केले. स्थिर विनिमय दरांची जुनी व्यवस्था मोडकळीला आली होती आणि भाव हलायला लागले होते, म्हणून त्यांची गरज पडली. चलनावरचे ऑप्शन डिसेंबर 1982 मध्ये फिलाडेल्फियाच्या एक्स्चेंजवर पौंडापासून सुरू झाले. आज शिकागोत युरोचा लॉट 1,25,000 युरोंचा, पौंडाचा 62,500 पौंडांचा, येनचा 1 कोटी 25 लाख येनांचा असतो. युरोचा भाव एक सेंट हलला की एका फ्युचरमागे 1,250 डॉलर इकडचे तिकडे. पडद्यावर ऑप्शनचा प्रीमियम 0.0080 दिसला की चिल्लर वाटते, पण ते 1,000 डॉलर असतात. दशांश चिन्हाने पहिल्या आठवड्यात मला दोनदा फसवलं.

या रस्त्याचा फायदा असा की समोर क्लिअरिंग हाउस, म्हणजे दोन्ही बाजूंना हमी देणारी संस्था, असतं, भाव सगळ्यांना दिसतो, आणि आठवड्यातल्या वेगवेगळ्या दिवशी संपणारे ऑप्शन मिळतात. अडचण अशी की ऑप्शन पैशात संपला, म्हणजे वापरण्यात फायदा असताना संपला, तर हातात रोख येत नाही, फ्युचर येतो. शेअरमध्ये डिलिव्हरीची धास्ती असते ना, तशीच. 500 डॉलरचा प्रीमियम खाण्यासाठी विकलेला पुट शुक्रवारी सकाळी पैशात गेला, तर शुक्रवारी दुपारी तुम्ही सव्वा लाख युरोंच्या फ्युचरचे मालक असता, आणि वीकएंड समोर. एक्स्पायरीची, म्हणजे मुदत संपण्याची, वेळही आपल्या सवयीची नाही. बाजार बंद होताना संपण्याऐवजी ती न्यूयॉर्कच्या सकाळी दहाच्या ठोक्याला बांधलेली असते, कारण बँकांच्या आपसातल्या ऑप्शनची मुदत संपण्याची वेळही तीच. अमेरिकेतल्या बेकारीचे आकडे साडेआठला येतात. म्हणजे ते आकडे आणि तुमची एक्स्पायरी यांच्यात फक्त दीड तास.

दुसरा रस्ता चलन ईटीएफवरच्या ऑप्शनचा. युरो, येन, पौंड अशी चलनं बँकेत ठेवून त्यांवर शेअरसारखी युनिटं काढणारे फंड 2005 पासून अमेरिकेत आहेत, आणि त्यांवर ऑप्शनही चालतात. खातं तेच, लॉट शंभर युनिटांचा, म्हणजे फ्युचरच्या मानाने बराच लहान. शिकायला ठीक. पण खरेदी-विक्रीच्या भावात रुंद दरी असते, कारण उलाढाल फारशी नाही. आणखी एक गोष्ट लोक विसरतात: ईटीएफ शेअर बाजाराच्या वेळेतच चालतो, चलन मात्र सोमवारच्या आशियाई सकाळपासून शुक्रवारच्या अमेरिकी संध्याकाळपर्यंत अखंड जागं असतं. 7 ऑक्टोबर 2016 ला आशियात दिवस नुकताच उजाडत असताना पौंड काही मिनिटांत डॉलरसमोर सुमारे 9 टक्के कोसळला आणि लगेच बराचसा सावरला. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तेव्हा केव्हाच बंद झाला होता. ईटीएफवर बसलेला माणूस तो सगळा खेळ काचेपलीकडून बघत राहिला.

तिसरा, बँकांच्या आपसातला ऑप्शन बाजार. तिथे आपल्यासारख्यांना सहसा प्रवेश नसतो. रकमा मोठ्या आणि करारमदार वेगळे. तरी त्यांची भाषा शिकून घ्यावी, कारण सगळे भाव तिथूनच झिरपत येतात. ते प्रीमियममध्ये भाव देत नाहीत, व्होलॅटिलिटीत, म्हणजे भाव किती हलेल या अंदाजात, देतात. स्ट्राइक, म्हणजे हक्काचा ठरलेला भाव, सांगत नाहीत, डेल्टा सांगतात, म्हणजे मूळ भाव हलला की ऑप्शन त्याच्या किती टक्के हलतो ते. 25 डेल्टाचा कॉल आणि 25 डेल्टाचा पुट यांच्या व्होलॅटिलिटीतला फरक म्हणजे त्यांचं ‘रिस्क रिव्हर्सल’. हा एक आकडा रोज पाहिलात तरी पुष्कळ कळतं. निर्देशांकात खालचे पुट नेहमीच महाग, हे तुम्हाला पाठ आहे. चलनात तो कल जोडीनुसार बदलतो. डॉलर-येनमध्ये बहुधा येन कॉल महाग असतो, कारण घबराट झाली की लोक येनकडे धावतात. 2016 च्या ब्रेक्झिटवरच्या (ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्यावरच्या) सार्वमताआधी पौंडाचे पुट महाग झाले होते. युरो-डॉलरमध्ये कल कधी या बाजूला, कधी त्या. ‘पुट विकले की जास्त मिळतं’ हा शेअरवाला हिशेब इथे डोळे मिटून लावलात तर नेमकी स्वस्त बाजू विकून बसाल.

आता व्याजाकडे येतो, कारण शेअरमधून आलेला माणूस इथेच सर्वांत जास्त अडखळतो. समजा डॉलरवर वर्षाला 5 टक्के व्याज आहे आणि येनवर पाव टक्का. आजचा भाव 150. वर्षभराने द्यायच्या-घ्यायच्या डॉलरचा भाव किती? 150 नाही. तो साधारण 143.20 असतो. नसता, तर कोणीही येन उसने घेऊन डॉलरमध्ये ठेवून, आजच वर्षापुढचा भाव पक्का करून फुकट पैसे कमावले असते. तेव्हा 150 स्ट्राइकचा वर्षभराचा डॉलर पुट हा त्याच स्ट्राइकच्या कॉलपेक्षा जवळपास पावणेसात येनांनी महाग असणार, आणि त्या फरकात भीतीचा वाटा शून्य. नवखा माणूस म्हणतो, ‘पुट किती फुगलाय, विकून टाकू.’ पुट फुगलेला नाही, व्याजाचा फरक तिथे लिहिलेला आहे. दोन व्याजदर घेऊन चलनाच्या ऑप्शनचा भाव काढण्याचं सूत्र गार्मन आणि कोलहेगन यांनी 1983 मध्ये मांडलं, तुमच्या ओळखीच्या ब्लॅक-शोल्स सूत्राचंच चुलतभावंड. फ्युचरवरच्या ऑप्शनमध्ये हे व्याज फ्युचरच्या भावात आधीच मुरलेलं असतं. म्हणून स्ट्राइकची तुलना फ्युचरच्या भावाशी करा, बातम्यांत दिसणाऱ्या भावाशी नको. 

हाच व्याजाचा फरक खाण्यासाठी लोक स्वस्त व्याजाचं चलन उसनं घेऊन महाग व्याजाचं घेतात. धंदा महिनोन्‌महिने शांतपणे चालतो. जुलै 2024 च्या सुरुवातीला डॉलर 162 येनांच्या जवळ होता. 31 जुलैला जपानच्या मध्यवर्ती बँकेने दर पाव टक्क्यावर नेला, अमेरिकेचे रोजगाराचे आकडे नरम आले, आणि 5 ऑगस्टला डॉलर 142 च्याही खाली जाऊन आला. महिन्याभरात 12 टक्के. वर्षाला पाच टक्क्यांच्या हिशेबाने बघा, दोन वर्षांहून जास्तीचं व्याज साफ. ज्यांनी त्याच काळात थोडं व्याज सोडून लांबचा येन कॉल जवळ ठेवला होता, ते शांत होते. ऑप्शनवाल्याला चलनात खरी वरचढ जागा कुठे असेल तर ती इथे, दिशा ओळखण्यात नाही.

परदेशी शेअर जवळ असणाऱ्यांनाही हेच. त्या चलनाचा पुट घेणं हा विमा आहे, आणि विम्याचा हप्ता गेला म्हणून कोणी रडत नाही.

प्रीमियम खाणाऱ्यांना मात्र वेगळं सांगायला हवं. मोठ्या चलनजोड्यांची व्होलॅटिलिटी शेअरपेक्षा कमी असते, एरवी सहा ते बारा टक्क्यांच्या आत-बाहेर. प्रीमियम इवलासा, म्हणून लॉट वाढवायचा मोह होतो. तो मोह झाला की स्विस फ्रँक आठवा. 6 सप्टेंबर 2011 ला स्विस नॅशनल बँकेने जाहीर केलं की एका युरोला 1.20 फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही. तीनहून अधिक वर्षं तो भाव त्या जमिनीवर बसून राहिला. व्होलॅटिलिटी आटली. 1.20 च्या खालचे युरो पुट विकणं म्हणजे फुकटचा पगार, असं अनुभवी माणसं म्हणायची. 15 जानेवारी 2015 ला, बँकेचे बडे अधिकारी ‘ही जमीन आमच्या धोरणाचा पाया आहे’ अशा अर्थाचं बोलून तीन दिवस झाले होते, तोच बँकेने ती काढून घेतली. भाव काही मिनिटांत एका फ्रँकच्या खाली. मधल्या भावांना कोणी घेणारच नव्हतं, त्यामुळे स्टॉप लॉस (तोटा एका भावाला थांबवणाऱ्या ऑर्डरी) लावले होते तिथे लागले नाहीत. ग्राहकांच्या खात्यात असलेल्या रकमेपेक्षा तोटा मोठा झाला, आणि काही ब्रोकरही त्यात बुडाले. कंपनीचा निकाल कोणत्या दिवशी येणार हे तुम्हाला ठाऊक असतं. मध्यवर्ती बँकेची बैठकही दिनदर्शिकेत असते. पण हा निर्णय तसा नव्हता, गुरुवारची साधी सकाळ होती. विकायचेच असतील तर ऑप्शन उघडे विकू नका, बाहेरचा, म्हणजे आणखी लांबच्या स्ट्राइकचा, एक विकत घेऊन कुंपण घाला. त्या कुंपणाचा खर्च नफ्यातून वजा झाल्यावर सौदा फिका वाटत असेल तर तो मुळातच फिका होता.

उरले ते रस्ते ज्यांच्या जाहिराती तुम्हाला सर्वांत जास्त दिसतात. पहिला, उधारीवरचं ‘फॉरेक्स’ (थोड्या पैशांवर कितीतरी पट मोठा चलनसौदा) आणि सीएफडी (वस्तू न घेता नुसत्या भावातल्या फरकावरचा करार). इथे बहुतेक वेळा समोर खुद्द ब्रोकर असतो. युरोपच्या नियामकाने 2018 मध्ये किरकोळ ग्राहकांसाठी मोठ्या चलनजोड्यांवरची उधारी 30 पटींवर आणली, आणि तेव्हा सांगितलेलं कारण वाचण्यासारखं आहे: सीएफडीच्या किरकोळ खात्यांपैकी 74 ते 89 टक्के खाती तोट्यात जातात. नियामकांचा हात जिथे पोहोचत नाही तिथले ब्रोकर आजही 500 पट देतात. पाचशे पटींत भाव 0.2 टक्के उलटा गेला की खातं रिकामं. युरो-डॉलर एवढं तर कोणी शिंकलं तरी हलतं. शिवाय यात ऑप्शनचं काहीच नाही. थीटा नाही, गॅमा नाही (ऑप्शनची किंमत वेळेनुसार आणि भावानुसार कशी बदलते याची मापं), मर्यादित तोटा नाही; तुमची सगळी विद्या दाराबाहेर ठेवून आत जायचं.

दुसरा, ‘बायनरी ऑप्शन’. नावात ऑप्शन आहे म्हणून तुम्हाला ओळखीचं वाटेल. पाच मिनिटांत युरो वर की खाली? बरोबर आलं तर 100 वर 80 मिळतील, चुकलं तर 100 जातील. पेन घ्या: बरोबरीत सुटायलाच 100 भागिले 180, म्हणजे शंभरातली जवळपास 56 उत्तरं अचूक यायला हवीत, पाच मिनिटांच्या हालचालीत. युरोपने 2018 मध्ये किरकोळ ग्राहकांना ते विकण्यावर बंदी घातली. मला ती उशिराच वाटली.

निर्यातदार कंपन्यांचे शेअर किंवा सोनं घेऊन चलनावर अप्रत्यक्ष पैज लावणारेही भेटतात. त्यात चलनाखेरीज इतकं काही मिसळलेलं असतं की नफा झाला तरी कशामुळे झाला ते कळत नाही. 

सगळ्याच्या आधी करायचं काम मी शेवटी लिहितोय, माफ करा. परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन (सौद्यासाठीची अनामत रक्कम) पाठवायला तुमच्या देशाचा परकीय चलन कायदा परवानगी देतो का, हे बघा. काही देश देतात, काही मुळीच देत नाहीत, काही ठिकाणी आपल्याच एक्स्चेंजवर ठरावीक जोड्यांचे ऑप्शन चालतात पण ते कोणी घ्यावेत याला अटी असतात. खातं उघडून देणारा ‘सगळे करतात’ असं म्हणाला तर उठून या. तसा एक मलाही भेटला होता. कायद्याची प्रत दाखव म्हटल्यावर त्याने विषय बदलून उधारी दुप्पट करून देण्याची तयारी दाखवली.

पहिला महिना पैसे न लावता जाऊ द्या. रोज एकाच जोडीचा भाव, दोन्ही व्याजदर, महिन्याभराची व्होलॅटिलिटी आणि रिस्क रिव्हर्सल एका वहीत लिहा, आणि मध्यवर्ती बँकेच्या बैठकीच्या आधी-नंतर ते कसे हलतात ते बघा. मग एक लॉट, विकत घेतलेला. माझ्या पडद्याच्या कडेला अजूनही एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावर चारच शब्द: ‘येन वर, आकडा खाली’. आणि फ्युचरच्या खिडकीपाशी दुसरी: ‘इथे उलट’. 

कळावे, लोभ असावा.

तुमच्यातलाच एक, दोन लॉट पुट चुकून घेतलेला